आधी लिनो, मग पोस्टर

अप्लाइड आर्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या कुणालाही सत्र संपत आलं की विचारून पाहा, सध्या हातात काय काय आहे. उत्तर साधारण असं येतं: टायपोग्राफीचं देवनागरी पोस्टर, कॅलिग्राफीच्या शीट्स, प्रिंटमेकिंगचा लिनोकट, पॅकेजिंगची डमी, इलस्ट्रेशनची मालिका आणि अर्धवट राहिलेलं स्केचबुक. प्रत्येक विषयाचे सर किंवा मॅडम वेगळे, आणि प्रत्येकाच्या लेखी आपलाच विषय म्हणजे अभ्यासक्रमाचा कणा. तारखा मात्र सगळ्यांच्या एकाच आठवड्यात. घरून सल्ला येतो, ‘रोज थोडं थोडं करत जा.’

सल्ला वाईट नाही, पण तो एकाच जातीच्या अभ्यासाला लागू पडतो. डिझाइनची कामं एका जातीची नसतात. एखाद्याला सरावाचा हात लागतो, एखाद्याला मोकळं डोकं, एखाद्याला दिवसाचा उजेड. एखादं काम करून झाल्यावर नुसतं वाळत पडतं. काही कामं अर्ध्या वाटेनंतर आपल्या हातातच राहत नाहीत, ती प्रिंटवाल्याच्या हातात जातात. माझ्या मते सबमिशन निभावतं की बुडतं हे किती तास खर्च केले यापेक्षा कुठलं काम कुठल्याच्या आधी घेतलं यावर जास्त ठरतं. वर्गात रंगसंगती शिकवतात, अक्षरांमधलं अंतर शिकवतात, पण हा क्रम कुणी शिकवत नाही. तो सीनियर्सकडून कानोकानी येतो, आणि बऱ्याचदा चुकीचा येतो.

लिनोकटचंच बघू. साध्या पेन्सिलनं आधी चित्र काढायचं, ते लिनोवर उलटं उतरवायचं. मजकूर देवनागरीत असेल तर हे ‘उलटं’ भलतंच महाग पडतं. उतरवताना कागद पालथा करायचा राहिला, तर छापल्यावर काना अक्षराच्या डाव्या बाजूला गेलेला दिसतो आणि तोवर खोदकाम संपलेलं असतं. मग व्ही आणि यू आकाराच्या हत्यारांनी कोरायचं. लिनो थंड असेल तर तो तुटक तुटक कापला जातो, म्हणून जाणकार मुलं तो आधी थोडा वेळ उन्हात ठेवतात किंवा इस्त्रीची हलकी ऊब देतात. काचेवर शाई पसरायची, रोलर फिरवायचा, लिनोवर शाईचा पातळ थर द्यायचा, कागद ठेवायचा आणि मागून चमच्यानं घासून छाप उचलायचा. प्रेस मोकळं मिळालं तर उत्तमच. हे सगळं एका दिवसात होतं. पण तेलावर आधारित शाई वाळायला एक दिवस, कधी जास्तही लागतो, आणि मुंबईच्या दमट हवेत तर ती अंतच पाहते. ओल्या छापावर दुसरा रंग चढवला की दोन्ही बिघडतात. दोनरंगी लिनोकटमध्ये वाळण्याची ही वाट दोनदा पाहावी लागते. म्हणजे आपल्या हातचं काम एका दिवसाचं असलं, तरी कॅलेंडरवर ते चार दिवस खातं.

आता गंमत अशी की लिनो बहुतेकांना कंटाळवाणा वाटतो, म्हणून तो मागे पडतो. पोस्टर आवडीचं असतं, कल्पना सुचत असतात, म्हणून आधी त्याला हात लागतो. इथेच गाडं अडतं.

या अडचणीचं गणित चांगलं सात दशकं जुनं आहे. १९५४ साली अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेतले गणिती सेल्मर जॉन्सन यांनी दोन टप्प्यांतून जाणाऱ्या कामांचा क्रम कसा लावावा, याचा नियम सिद्ध केला. प्रत्येक काम आधी पहिल्या यंत्रावर आणि मग दुसऱ्यावर जातं, आणि एका यंत्रावर एका वेळी एकच काम होतं, असं समजा. सगळ्या कामांच्या दोन्ही टप्प्यांचे वेळ लिहून काढा आणि त्यातला सर्वांत लहान आकडा शोधा. तो पहिल्या टप्प्याचा असेल तर ते काम सगळ्यांच्या आधी घ्या, दुसऱ्या टप्प्याचा असेल तर सगळ्यांच्या शेवटी ठेवा. मग उरलेल्या कामांना हाच नियम लावत जा. एकूण वेळ कमीत कमी लागतो.

विद्यार्थ्यापुरतं बोलायचं तर पहिलं यंत्र म्हणजे आपण स्वतः आणि दुसरं म्हणजे प्रिंटिंग-कटिंगचं दुकान. समजा, पोस्टरला आपले दहा तास लागणार आहेत आणि दुकानात दोन. पॅकेजिंगच्या डमीला आपले चार तास, पण प्रिंट, लॅमिनेशन, क्रीझिंग आणि कटिंग धरून दुकानात सहा. पोस्टर आधी घेतलं तर दहाव्या तासाला ते दुकानात जातं आणि बाराव्याला हातात येतं. तोवर आपण डमी करायला घेतलेली असते, ती चौदाव्या तासाला दुकानात पोचते आणि विसाव्याला मिळते. आता उलट करा. डमी चौथ्या तासाला दुकानात गेली, तिकडे ती दहाव्यापर्यंत चालली, इकडे आपण पोस्टर चौदाव्या तासाला संपवलं आणि सोळाव्याला तेही हातात आलं. कामं तीच, मेहनत तीच, दुकान तेच, पण चार तास वाचले. सबमिशनच्या आदल्या दिवशी चार तासांचं मोल काय असतं हे ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. घरात स्वयंपाक करणारी बाई डाळ आधी कुकरला लावते आणि मग भाजी चिरायला बसते, तेव्हा ती जॉन्सनचा हाच नियम पाळत असते.

वाळण्याच्या बाबतीत तर गणित आणखी सोपं आहे, कारण दुकानासारखी तिथे रांग नसते. दोरीवर दहा छाप एकदम वाळतात. म्हणून वाळणारी, चिकटणारी, दाबाखाली ठेवावी लागणारी सगळी कामं पहिल्याच दिवशी सुरू करून मोकळं व्हावं. फेव्हिकॉलनं जोडलेली डमी रात्रभर वजनाखाली राहू द्यायची असते. सकाळी चिकटवून दुपारी ज्यूरीपुढे ठेवलेला खोका ज्यूरीच्या टेबलावरच उघडतो, आणि त्याला कुणी कलात्मक प्रयोग म्हणत नाही.

उजेड हे दुसरं साधन, आणि ते दिवसातून ठरावीक तासच मिळतं. छपाईच्या व्यवसायात रंग तपासायला ५००० केल्विनचा प्रमाण प्रकाश वापरतात, कारण पिवळ्या दिव्याखाली एकसारखे दिसणारे दोन रंग खिडकीपाशी नेले की वेगळे दिसू शकतात. रात्री ट्यूबलाइटखाली कालवलेला करडा सकाळी हिरवट निघतो तो यामुळेच. तेव्हा पोस्टर कलर, जलरंग, निसर्गचित्रण ही कामं दिवसा करावीत आणि संगणकावरचा लेआउट, मजकुराची जुळणी, कटिंग ही रात्री. होस्टेलमध्ये नेमकं उलटं चालतं. दिवसभर लॅपटॉप उघडा असतो, आणि जेवणं झाल्यावर ब्रश भिजतात.

हाताचीही वेळ असते. बोरूनं किंवा कट निबनं देवनागरी लिहिताना निबाचा कोन सगळ्या ओळीभर तोच ठेवावा लागतो, आणि पहिली काही पानं हात गरम होण्यातच जातात. कॅलिग्राफी रेटून एका रात्रीत उरकता येत नाही. ‘रोज थोडं थोडं’ हा घरचा सल्ला इथे मात्र शंभर टक्के खरा.

मुंबईत हा अभ्यासक्रम पहिल्यापासून बाजाराच्या जवळ राहिला आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. कमर्शियल आर्टचा वेगळा विभाग तिथे आला तो १९३५ साली, आणि पुढे त्याची स्वतंत्र संस्था झाली. क्रॉफर्ड मार्केट समोर, कागद आणि स्टेशनरीची अब्दुल रहमान स्ट्रीट हाकेच्या अंतरावर, छापखाने आणि जाहिरात कंपन्या फोर्टात. इथून शिकून बाहेर पडणाऱ्याला एकाच वेळी अनेक कामं सांभाळणं भागच होतं. र. कृ. जोशी जे. जे.त शिकले, उल्का या जाहिरात संस्थेत वर्षानुवर्षं राहिले, मग आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन केंद्रात शिकवू लागले. कविता आणि सुलेखन सोबतीला होतंच. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्टही त्यांच्याच हातचा. वसंत सरवटे पेशानं इंजिनिअर होते आणि मराठी पुस्तकं-मासिकांतली त्यांची रेखाटनं नोकरी सांभाळून झाली. दीनानाथ दलालांनी १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला आणि इतर प्रकाशकांची मुखपृष्ठंही चालू ठेवली. दिवाळी अंकांचा हंगाम हे तर मराठी चित्रकारांचं दरवर्षीचं सबमिशनच आहे. तारीख पुढे ढकलून मिळत नाही.

इथवर हाताच्या आणि वस्तूंच्या वेळापत्रकाबद्दल झालं. डोक्याचं वेळापत्रक वेगळं असतं.

इंग्लंडमधले ग्रॅहम वॉलेस यांनी १९२६ साली सर्जनशील विचाराचे चार टप्पे मांडले: तयारी, मुरणं, सुचणं आणि पडताळणं. मुरण्याच्या टप्प्यात आपण त्या प्रश्नावर जाणीवपूर्वक काम करत नसतो, पण प्रश्न आत कुठेतरी चालू असतो. प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कचे डिझायनर मिल्टन ग्लेझर यांचं. न्यूयॉर्क राज्याच्या पर्यटन मोहिमेसाठी त्यांनी एक बोधचिन्ह करून दिलं होतं आणि ते मंजूरही झालं होतं. काही दिवसांनी टॅक्सीत बसलेले असताना त्यांना दुसरीच कल्पना सुचली. खिशातल्या लाल क्रेयॉननं त्यांनी एका लिफाफ्याच्या कपट्यावर ती उतरवली: ‘आय’ हे अक्षर, बदामाचं चिन्ह आणि मग ‘एन वाय’. मंजूर झालेलं काम मागे घ्यायला लावून त्यांनी हे पुढे केलं. तो कपटा आज तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.

ही गोष्ट विद्यार्थ्यांना फार आवडते, पण तिचा अर्थ ते सोयीनं लावतात. टॅक्सीत बसलं की सुचतं असा तो अर्थ नाही. ग्लेझर यांनी त्या कामावर आधी पुरेपूर डोकं घातलं होतं, एक उत्तर पूर्ण केलं होतं. मुरायला आधी काहीतरी घातलेलं लागतं. म्हणून ब्रीफ मिळाल्याच्या दिवशीच, कितीही कामं साचलेली असोत, अर्धा तास काढून ते नीट वाचावं आणि पाच-सहा ओबडधोबड थंबनेल्स करून ठेवावीत. वाईट झाली तरी चालतील. त्यानंतर लिनो कोरताना पोस्टर डोक्यात आपोआप चालू राहतं. सहा विषय एकत्र असण्याचा हा एक खराखुरा फायदा आहे: एकावर हात चालतो तेव्हा दुसरा मुरत असतो. ज्याच्याकडे एकच असाइनमेंट असते तो बऱ्याचदा त्याच एका कल्पनेशी झटापट करत बसतो.

एकाच विषयाच्या आतही असं समांतर काम फायद्याचं ठरतं, याला चांगला पुरावा आहे. स्टॅनफर्डमध्ये स्टीव्हन डाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका डिझाइन मासिकाच्या वेब जाहिराती करवून घेतल्या. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एका गटानं एक नमुना करायचा, त्यावर अभिप्राय घ्यायचा, मग पुढचा करायचा. दुसऱ्या गटानं आधी तीन नमुने एकदम करायचे आणि मग तिन्हींवर अभिप्राय घ्यायचा. नमुन्यांची आणि अभिप्रायांची संख्या दोघांनाही सारखीच. प्रत्यक्ष इंटरनेटवर टाकल्यावर समांतर काम करणाऱ्यांच्या जाहिरातींवर जास्त क्लिक आले, तज्ज्ञांनीही त्यांना वरचे गुण दिले आणि त्या गटाचा आत्मविश्वासही वाढला. एकच लेआउट घेऊन सरांपुढे उभं राहिलं की झालेली टीका आपल्यावरच झाल्यासारखी वाटते. तीन पुढे ठेवले की बोलणं लेआउटबद्दल होतं. ‘हा बरा आहे, पण त्याची हेडलाइन याला लाव’ हे वाक्य एकाच लेआउटवर ऐकायला मिळत नाही.

मात्र समांतर म्हणजे दर दहा मिनिटांनी विषय बदलणं नव्हे. एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली की आधीच्या कामाचा काही अंश डोक्यात उरतोच आणि नव्या कामाला पूर्ण लक्ष मिळत नाही, हे अमेरिकेतल्या सोफी लरॉय यांनी २००९ साली प्रयोगांतून दाखवलं. आधीचं काम अर्धवट सोडलेलं असलं की हा त्रास ठळकपणे जाणवतो. त्यावरचा उपायही २०१८ मध्ये लरॉय आणि थेरेसा ग्लोम यांच्या अभ्यासातून पुढे आला, आणि तो इतका साधा आहे की लोक तो करतच नाहीत. काम थांबवताना आपण कुठे थांबलो आणि परत आल्यावर पहिली गोष्ट कोणती करायची, एवढं लिहून ठेवायचं. शीटच्या मागे मास्किंग टेपच्या तुकड्यावर ‘डाव्या हाताची बोटं बाकी, सावली निळसर घेणे’ असं लिहिलेलं असलं की डोकं मोकळं होतं. अशा चिठ्ठ्या चिकटवलेली शीट बघितली की मला त्या विद्यार्थ्याबद्दल उगाचच खात्री वाटू लागते.

आता अंदाजाबद्दल. किती वेळ लागेल हे माणसाला कळत नाही आणि आपल्याला कळत नाही हेही कळत नाही. कॅनडात रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अंदाज विचारले. तो अभ्यास १९९४ चा. त्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवस सांगितले. सगळं काही बिघडलं तर किती, असं विचारल्यावर सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे सगळं काही बिघडेल असं धरून बांधलेला अंदाजसुद्धा कमीच पडला.

डिझाइनच्या कामात बिघडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात, त्यामुळे त्या आधी धरता येतात. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा चार शाईंच्या छपाईत मळका येतो, कारण पडदा प्रकाशानं रंग दाखवतो आणि कागद शाईनं. इंटरनेटवरून उचललेला फोटो ए-थ्रीवर फाटतो. त्या आकाराला ३०० डीपीआयनं सुमारे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात. कडेला तीन मिलिमीटर ब्लीड सोडलेलं नसलं की कापल्यावर पांढरी रेघ दिसते. आणि मराठी मजकुराचं दुखणं निराळंच. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडलेला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. ज्याला मराठी वाचता येतं त्याला ते दिसतं, पण रात्री दोन वाजता हेडलाइन ही नुसती आकृती झालेली असते आणि ती कुणी वाचत नाही. दुकानातल्या संगणकावर आपला फॉन्ट नसतो, म्हणून अक्षरांचं आउटलाइन करून न्यावं लागतं, आणि त्याआधी मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी लागते. नाहीतर सापडलेली शुद्धलेखनाची चूक सुधारता येत नाही. या सगळ्यावर एकच उतारा आहे: अर्धवट कामाचा एक स्वस्तातला प्रिंट चार दिवस आधी काढून पाहणं. पन्नास-शंभर रुपये जातात, पण दुकानदाराशी ओळख होते. सबमिशनच्या आठवड्यात ती ओळख कामी येते.

जागरणाबद्दल फार बोलायला नको. जेम्स हॉर्न यांनी १९८८ मध्ये दाखवलं की एक रात्र झोप बुडाली तरी नवनव्या कल्पना काढण्याची क्षमता चांगलीच घटते. रात्रीचा दिवस करायचाच असेल तर तो कल्पना काढण्यासाठी करू नये. ठरलेलं काम रेटावं. कटर मात्र जांभई देत चालवू नये, स्टीलच्या पट्टीच्या कडेवर नेहमी बोटाचं टोक आलेलं असतं.

उरतो तो सर्वांत बेभरवशाचा विषय, जो अभ्यासक्रमात नसतो: नात्यातली कामं. चुलत बहिणीची लग्नपत्रिका, मामाच्या दुकानाचा लोगो, सोसायटीच्या गणपतीचं बॅनर. ‘तुला काय, कॉम्प्युटरवर दहा मिनिटांचं काम’ ही त्यांची प्रस्तावना. ही कामं फुकटची असतात म्हणून त्रासदायक नसतात. त्यांना ब्रीफ नसतं, तारीख नसते, आणि शेवटचा शब्द कुणाचा हे कधीच ठरलेलं नसतं, म्हणून ती त्रास देतात. पत्रिकेत आजोळच्या नावांचा क्रम तीनदा बदलतो, आणि प्रत्येक बदलाला आपला लिनो तेवढा वेळ सुकत नाही तर नुसता थांबतो. तरी ती सरसकट नाकारावीत असं मला वाटत नाही. खरा क्लायंट कसा वागतो हे कॉलेजात कळत नाही, मामा ते शिकवतो. फक्त अटी आधी सांगाव्यात. मजकूर टाइप करून पाठवायचा, वहीच्या पानाचा फोटो नको. नावं एकदाच आणि सगळ्यांनी वाचून. दुरुस्त्या दोनदा, तिसऱ्यांदा पैसे. आणि सबमिशनच्या आठवड्यात फोन आला तर आईनं उचलायचा.